बोलल्याशिवाय गाडीत जागा नाही

माझं इंग्रजी सोलापुरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'बाई परदेशात शिकवतात म्हणे, पण उच्चार तर आपल्यासारखेच' असं म्हणत तोंड वाकडं करायला नको. आपल्यासारखेच आहेत. मंगळवेढ्याला शाळा झाली, सोलापुरात कॉलेज झालं, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. मग उच्चार कुठले यायचे, लंडनचे?

सध्या दिवाळीसाठी घरी आले आहे. थायलंडमधल्या माझ्या शाळेला नेमकी ऑक्टोबरातच सुट्टी असते, ते एक बरं आहे. आल्यापासून गल्लीत, भाजीला गेले की, बँकेत, जो भेटेल तो एकच विचारतो, "काय बाई, आता कायमच्या आलात ना?" आणि मी 'नाही' म्हटलं की चेहरा असा करतात, जणू मी त्यांचंच काही घेऊन चालले आहे. धाकटा भाऊ भीमराव मंगळवेढ्याहून ज्वारीचं पोतं घेऊन आला. शेती आणि मेंढरं यांच्यापलीकडं त्याला दुनिया नाही आणि हवीही नाही. पोतं टेकवायच्या आधीच त्यानं सुरू केलं.

"अक्का, झालं की आता. दुनिया बघितलीस, बास. हितं काय कमी हाय तुला? आणि जायचंच असंल तर घराची किल्ली माझ्याकडं दिऊन जा. चांगला भाडेकरू बघतो."

किल्ली मी दिली नाही. तो रुसून बसला आहे. का दिली नाही हे त्याला समजावून सांगायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा त्यानं मध्येच मेंढरांचा विषय काढला. म्हणून आता लिहूनच काढते.

पूर्व भागातल्या माझ्या वर्गाची गंमत बाहेरच्यांना चटकन कळत नाही. निम्मी पोरं विणकर घरांतली, घरी तेलुगू बोलणारी. काही गल्लीत दखनी बोलणारी. अक्कलकोटकडून आलेल्या दोन-चार जणांच्या घरी कन्नड. शाळा मराठी. आणि या सगळ्यांना इंग्रजी शिकवायला मी, जिला तेलुगूतलं 'रा' म्हणजे ये आणि 'पो' म्हणजे जा, यापलीकडं काही येत नव्हतं. मराठीतून अर्थ सांगावा तर निम्म्या पोरांना मराठीच धड येत नाही. पहिल्या वर्षी मी खडू आपटायचे, ओरडायचे, आणि घरी येऊन रडायचे. हे खोटं वाटेल, पण मी चांगली रडकी होते तेव्हा.

मग मला माझे वडील आठवले. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते, सोलापूर-मंगळवेढा गाडीवर. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फिरायचे. आमच्या त्या पट्ट्यात कर्नाटकाकडचीही माणसं चढतात. एखाद्या आजीबाईला मराठी येत नसायचं, अण्णांना कन्नड कामापुरतंच. पण अण्णांचा एक नियम होता. जोवर माणूस स्वतःच्या तोंडानं गावाचं नाव सांगत नाही, तोवर तिकीट फाडायचं नाही. शेजारच्यानं सांगितलेलं चालायचं नाही. म्हणायचे, "उतरायचं त्याला हाय, मग सांगायचं बी त्यानंच." ती बाई गप्प राहिली तर हातातला तिकिटाचा पंच दांड्यावर वाजवत ते एकेक थांबा मोठ्यानं म्हणत जायचे. कुठल्यातरी नावाला तिचे डोळे लकाकायचे आणि ती ते नाव म्हणायची. अण्णा खूश. गाडी खोळंबली म्हणून ड्रायव्हर शिव्या देत असायचा, ते वेगळं.

तर मी वर्गाची एस.टी. केली. बाक म्हणजे सीट, मधली वाट म्हणजे गाडीतली वाट. मी कंडक्टर. दारातून आत यायचं तर तीन प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत द्यायची. कुठून आलास, कुठं चाललास, कशासाठी. मगच जागा. पंच कुठून आणणार, तो तर अण्णा निवृत्त होताना डेपोत जमा झाला. म्हणून मी माझ्या घराची किल्ली बाकावर वाजवायचे. जुन्या कुलपाची, लांब दांड्याची, वजनदार किल्ली आहे. तिचा आवाज चांगला येतो.

पोरं कुठंही जायची. कुणी मुंबईला हिरो व्हायला, कुणी आजीकडं आंबे खायला. एकजण रोज तुरुंगात जायचा, चोर पकडायला. चुका चिक्कार व्हायच्या. मी चालत्या गाडीत चूक काढायचे नाही, गाडी मुक्कामाला पोचली की फळ्यावर बघायचो. इंग्रजी शिकवणं म्हणजे बाईंनी इंग्रजी बोलत राहणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. बाईंनी गप्प राहायचं आणि पोराला बोलायला लावायचं, हा आमचा खरा धंदा. बोलून दाखवायला टेप आणली तरी चालते की.

एवढं असूनही मी मोठ्या माणसांत मात्र तोंड उघडत नसे. त्याचं कारण पुण्यातलं एक प्रशिक्षण. तिथं मला उभं करून एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला. दोन ओळी झाल्या आणि मागून हसू ऐकू आलं. प्रशिक्षण द्यायला आलेले गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "सोलापूर का? वाटलंच." मी खाली बसले. त्यानंतर कित्येक वर्षं सभेत, शिबिरात मी मागच्या रांगेत बसायचे आणि इंग्रजीत अवाक्षर काढायचे नाही. पोरांना रोज सांगायचे की बोला, आणि स्वतः गप्प. त्या गृहस्थांचा राग माझ्या मनात अजून आहे. जाणार नाही, आणि मला घालवायचाही नाही.

निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि 'आता आराम करा' हा सल्ला मिळाला. यजमान आधीच गेलेले. मुलगा पुण्यात. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. अशात एका जुन्या विद्यार्थ्याचा, श्रीनूचा, फोन आला. हा आपल्याकडचे टॉवेल थायलंडच्या हॉटेलांना पुरवतो. म्हणाला, "टीचर, इथं एका शाळेला इंग्रजीच्या बाई पाहिजेत. बी.एड. लागतं, तुमच्याकडं आहे. येता का?" मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" त्याच्या त्या 'या वयात'नं माझं ठरलं.

गाव थायलंडच्या ईशान्येचं. समुद्रबिमुद्र काही नाही. कोरडी जमीन, उसाची शेतं, साखर कारखाना, आणि रस्त्यावर उसानं भरलेले ट्रक. विमान, मग रात्रभराची बस, असं करून एवढ्या लांब पोचले आणि खिडकीतून बघते तर काय, ऊस. मला हसूच आलं. ऊनही आपलंच, फक्त घाम जास्त. लोक चपला बाहेर काढून वर्गात येतात आणि हात जोडून नमस्कार करतात. तेवढ्यावर मी पहिला आठवडा काढला.

जेवणाचं मात्र जमेना. मी काही शाकाहारी नाही, आमच्याकडं मटणाचा रस्सा असा होतो की नाकातोंडातून पाणी यावं. पण तिथं मासे आंबवून त्याचा एक काळपट रस्सा सगळ्यात घालतात. त्याच्या वासानं मी शाळेच्या खाणावळीतून दोनदा उठून गेले. बरोबर नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्यावर होते. मग एक दिवस खाणावळवालीनं माझ्या डब्यातली चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळे मिटले, आणि चिकट भाताचा गोळा त्या चटणीत बुडवून खाल्ला. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी बिनमाशाचं वेगळं काढून ठेवू लागली. आता मी चटणी किलोवर नेते. विमानतळावर बॅग उघडायला लावतात, लावू देत.

वर्गात पहिल्या दिवशी गेले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पोरं घरी एक भाषा बोलतात, शाळेत राजधानीची दुसरी. इंग्रजी तिसरी. आणि राजधानीत या भागातल्या लोकांच्या बोलण्याला हसतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. तिकडच्या मालिकांत मोलकरणी आणि ड्रायव्हर या बोलीत बोलतात म्हणे. आपल्या 'हाय'-'न्हाय'चं जे होतं तेच. मी किल्ली काढली, बाकावर वाजवली, आणि एस.टी. सुरू झाली.

तिथं प्रत्येकाला घरचं एक छोटं नाव असतं. पुढच्या बाकावर एक पोरगी होती, ऑय. तिच्या नावाचा अर्थ ऊस. बाप उसाचा ट्रक चालवायचा. पोरगी लई गोड आणि लई मुखदुर्बळ. बाकी सगळे जपान, अमेरिका, चंद्र असे चाललेले, ही मात्र दारात उभी राहायची आणि खाली बघायची. मी अण्णांसारखी गावांची नावं म्हणत जायचे. ती मान हलवून नाही म्हणायची. बरेच दिवस असं चाललं. एकदा मी "बँकॉक" म्हटलं आणि तिनं वर बघितलं. "बँकॉक," ती म्हणाली. कशासाठी? "मदर." आई तिची तिथं कारखान्यात कामाला, वर्षातून एकदा येते. त्यानंतर ऑय रोज बँकॉकला जायची. दुसरीकडं कुठं जायला तयारच नसायची.

आता खरी गोष्ट. आमच्या शाळेच्या फाटकावर एक मोठा फलक आहे. त्यावर परदेशी शिक्षकांचे फोटो असतात, आईबापांनी बघून पोरांचं नाव घालावं म्हणून. मी गेले तेव्हा तिथं एकच फोटो होता, यानचा. यान पोलंडचा, सोनेरी केसांचा तरणा पोरगा, जग बघत फिरणारा. पैसे संपले की एखाद्या शाळेत शिकवायचा. स्वभावानं अगदी सरळ. मला म्हणायचा, "सुमन, माझी आईसुद्धा इंग्रजी बोलत नाही. तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण बघ, माझे केस." आणि स्वतःच्या केसांकडं बोट दाखवायचा.

सत्र संपायच्या आधी पालकांचा दिवस असतो. आईबाप येऊन मागं बसतात आणि वर्ग चालताना बघतात. पुढच्या वर्षी मूल इथंच ठेवायचं की नाही, हे त्यावर ठरतं. शाळेच्या मालकीणबाई, खुन नोई ('खुन' म्हणजे तिकडचं 'बाई'), यांनी मला आदल्या आठवड्यात बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या वर्गावर यान उभा राहील. तुम्ही बाजूला राहा, कागद वाटा. पालकांना सांगू की तुम्ही मदतनीस आहात."

"वर्ग माझा आहे," मी म्हटलं.

"हो, पण पालकांना गोरा शिक्षक पाहिजे. काहींनी तक्रार केली आहे. तुमचे उच्चार..." त्या थांबल्या. वाईट बाई नव्हेत त्या. शाळा चालवायची म्हणजे काय, ते मलाही कळतं.

पण 'उच्चार' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात पुण्याचा तो हॉल उभा राहिला. मागचं हसू, तो गोड आवाज, आणि खाली बसलेली मी. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "खुन नोई, मी बाजूला उभी राहणार नाही. माझ्या वर्गापुढं मी उभी राहीन, माझ्याच आवाजात. नाहीतर घरी जाईन. मधलं काही नाही."

त्यांनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "ठीक. उभ्या राहा. पण पालक नाराज झाले, तर पुढच्या सत्राचा करार होणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. खोलीवर येऊन मात्र विचार सुरू झाले. सोलापूरला काय तोंड दाखवायचं, 'पाठवून दिलं' म्हणून? भीमराव काही बोलणार नाही, नुसता ज्वारीचं पोतं टेकवेल. मुलगा म्हणेल, सांगितलं होतं. आणि ऑयला कोण नेणार बँकॉकला? यान केसांवर हात फिरवत गाणी लावेल, पोरं नाचतील, आणि ती कोपऱ्यात खाली बघत बसेल. हे मला त्या कराराहूनही जास्त टोचत होतं.

त्या दिवशी मी साडीच नेसले. इरकली, हिरवी. पालक मागं येऊन बसले. शेतकरी, दुकानदार, कारखान्यातली माणसं. तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता, ते मला याननं सांगून ठेवलं होतं. ऑयच्या बापाचा. तो भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसला होता. उन्हानं रापलेला, गप्प माणूस. खुन नोई दारात उभ्या.

मी किल्ली वाजवली. पोरं बाहेर गेली आणि एकेक करून चढू लागली. जपान, चंद्र, फुटबॉलचं मैदान. चुका झाल्या, हसू झालं. ऑय आली, "बँकॉक, मदर" म्हणाली, आणि बसली. गाडी भरली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. इथं थांबले असते तरी चाललं असतं.

पण माझी खोड. मी वाटेतून मागं गेले आणि म्हटलं, "गाडीत बसलेल्या सगळ्यांना तिकीट लागतं." ऑयनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. मोठी माणसं हसली, लाजली. एका बाईनं आईच्या घरी जायचं सांगितलं, मोडकंतोडकं. एका म्हाताऱ्यानं 'मासे' एवढंच सांगितलं आणि स्वतःच खदखदून हसला. मग मी ऑयच्या बापासमोर थांबले. किल्ली बाकावर वाजवली.

"व्हेअर टू?"

तो बोलेना. घडी घातलेले हात तसेच. ऑय पुढून वळून बघत होती आणि तिचा चेहरा पडला होता. तिनं उत्तर सांगायला तोंड उघडलं, मी तिला हातानं थांबवलं. उतरायचं त्याला होतं. मी दारातल्या खुन नोईंकडं बघितलंच नाही. अण्णांसारखी एकेक गाव म्हणू लागले. जवळचं शहर, मग त्याच्या पुढचं, मग रेल्वेचं जंक्शन. माझ्याच उच्चारात, सावकाश. कितीही वेळ लागला तरी मी थांबणार नव्हते. नोकरी गेली तर गेली, पण हा माणूस माझ्या गाडीतून न बोलता उतरणार नव्हता.

"बँकॉक," मी म्हटलं.

त्यानं हाताची घडी सोडली. "बँकॉक," तो म्हणाला. कशासाठी, मी विचारलं. त्याला प्रश्न कळला होता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. शब्द शोधत होता. "माय वाइफ," तो म्हणाला. मग जरा थांबून, "लाँग टाइम." उच्चार सगळे त्याच्या गावचे. कुणी हसलं नाही. ऑय जागेवरून उठली आणि बापाशेजारी जाऊन बसली. मी तिला परत जागेवर जा म्हटलं नाही. किल्ली दोनदा वाजवली आणि गाडी सोडली.

नंतर व्हरांड्यात खुन नोईंशी तो बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो म्हणतो, या बाईंचं इंग्रजी मला कळतं. कळतं, म्हणजे मलाही बोलता येईल." करार झाला. फलकावर माझाही फोटो लागला. पहिल्यांदा लावला तेव्हा त्यात मला इतकं उजळ केलं होतं की मीच ओळखेना. मी तो उतरवायला लावला आणि माझ्या रंगाचा दुसरा करून घेतला. खुन नोई म्हणाल्या, "तुम्ही फार हट्टी आहात." मी म्हटलं, मंगळवेढ्याची आहे.

ऑयची आई अजून बँकॉकलाच आहे. गाडी-गाडी खेळून कुणाचं घर भरत नाही, हे मला कळतं. पण सणाला ती आली तेव्हा बाप, आई आणि ऑय तिघं माझ्या खोलीवर आली. मी भाकरी थापली. त्यांनी आंबवलेले मासे आणले होते. मी खाल्ले. वास तसाच होता, पण खाल्ले.

आणि आता या महिन्यात निघताना ऑयचा बाप मला बस स्टँडवर सोडायला आला, ट्रक घेऊनच. माझी बॅग त्यानं वर चढवून दिली. मी बसच्या पायरीवर पाय ठेवला, तर त्यानं हात आडवा घातला. खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि बसच्या पत्र्यावर वाजवली.

"टीच्चा. व्हेअर टू?"

बसमधले लोक बघायला लागले. तो हसत नव्हता. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं. ऑय त्याच्या मागं उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सोलापूर," मी म्हटलं.

"व्हाय?"

"माय ब्रदर."

त्याचा हात तसाच आडवा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं झाली होती, तरी तो सोडेना. मग मला कळलं, तो कशासाठी थांबलाय ते. चार माणसांत इंग्रजी बोलायला एके काळी मी घाबरायचे. त्या दिवशी भरल्या बससमोर, खणखणीत सोलापुरी आवाजात मी त्याला सांगितलं, "आय विल कम बॅक."

त्यानं हात काढला आणि किल्ली दोनदा वाजवली.

भाऊबीज झाली की मी निघणार आहे. भीमराव, घराला दुसरं कुलूप लावून त्याची किल्ली तुझ्याकडं ठेवते. ही मात्र माझ्याबरोबर येईल.